जुना फ्लॅट विक्रीला काढण्यापूर्वीची तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांमधले, पंधरा ते चाळीस वर्षे वयाचे फ्लॅट विकणाऱ्यांना पडणारे प्रश्न पुढे घेतले आहेत. बंगला किंवा गावाकडचे घर विकणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

घर मी विकणार आहे. तपासणीचा खर्च मी का करावा? ते काम खरेदीदाराचे नाही का?

खरेदीदार तपासणी करेल तेव्हा ती त्याच्या सोयीच्या वेळी आणि त्याच्या बाजूने होईल, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे व्यवहाराचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी टोकन किंवा विसार, मग साठेखत (विक्रीचा करार), त्यानंतर बँकेचा वकील व मूल्यांकनकार, आणि शेवटी खरेदीखत व ताबा. या क्रमात दोष उशिरा, म्हणजे विसार स्वीकारल्यानंतर उघड झाला, तर तोपर्यंत विक्रेत्याने स्वतःच्या पुढच्या घराचे टोकन भरलेले असते, मुलांच्या शाळेचे पाहून झालेले असते आणि मागे फिरणे अवघड होते. अशा वेळी न्हाणीघराची साधी गळतीसुद्धा मूळ दुरुस्तीखर्चाच्या कित्येक पट किंमत कमी करून घेण्याचे निमित्त ठरते, कारण त्या गळतीचा खरा खर्च किती हे तोपर्यंत दोघांनाही ठाऊक नसते आणि खरेदीदार साहजिकच वाईटात वाईट शक्यता धरून बोलतो. तोच दोष जाहिरात देण्यापूर्वी कळला, तर गवंडी आणि प्लंबर यांच्याकडून अंदाजपत्रक घेऊन तो दुरुस्त करायचा, सांगायचा की किमतीत धरायचा, हे विक्रेता शांतपणे ठरवू शकतो.

बँकेचा मूल्यांकनकार येऊन पाहतोच की. मग वेगळी तपासणी कशाला?

त्याचे काम बँकेसाठी किंमत काढणे हे असते. तो क्षेत्रफळ, मजला, इमारतीचे वय, परिसरातील दर आणि मंजूर नकाशाशी जुळवणी पाहतो व बहुतेक वेळा अर्ध्या तासात निघतो. नहाणी ट्रॅपच्या (न्हाणीघरातले पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवतालचा कोबा फुटला आहे का, हे पाहणे त्याच्या कामात येत नाही.

तपासणी नेमकी कोणाकडून करून घ्यावी?

भारतात घर तपासणाऱ्या व्यक्तीसाठी स्वतंत्र परवाना देणारा कायदा नाही, त्यामुळे कोणीही ‘होम इन्स्पेक्टर’ असा फलक लावू शकतो. मोठ्या शहरांत हे काम करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांतल्या काही चांगल्या आहेत. काहींचा अहवाल मात्र छायाचित्रांनी भरलेला आणि निष्कर्षांनी रिकामा असतो. आमचा सल्ला असा की, फ्लॅटच्या आतल्या भागासाठी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा अनुभव असलेला स्थापत्य अभियंता आणि विजेच्या कामासाठी परवानाधारक विद्युत कंत्राटदार, अशी दोन माणसे नेमावीत. बीम किंवा कॉलमला तडे दिसत असतील तरच महानगरपालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याला बोलवावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. जो वॉटरप्रूफिंगचे कंत्राट घेणार आहे, त्याच्याकडून ‘मोफत तपासणी’ करून घेऊ नये. त्याला प्रत्येक भिंतीत ओल दिसते आणि प्रत्येक ओलीवर त्याच्याचकडचे रसायन लागू पडते.

शुल्क ठरवताना त्यात कोणत्या चाचण्या आहेत, दुरुस्तीनंतरची दुसरी भेट धरली आहे का आणि 18 टक्के जीएसटी वेगळा लागणार का, हे आधी लिहून घ्यावे. दोन शयनकक्षांच्या फ्लॅटला साधारण अर्धा दिवस लागतो. वीस मिनिटांत उरकलेल्या पाहणीचे पैसे देऊ नयेत.

भिंतीवरची ओल तपासणारा माणूस नेमके काय करतो? ओल तर डोळ्यांनाही दिसते.

ओल दिसते, पण तिचे उगमस्थान दिसत नाही, आणि सगळा खर्च त्या उगमावर अवलंबून असतो. शयनकक्षाच्या भिंतीवरचे पोपडे हे पलीकडच्या न्हाणीघराच्या फरशीखालून येणाऱ्या पाण्याचे असू शकतात, बाहेरच्या गिलाव्याच्या तड्यातून येणाऱ्या पावसाचे असू शकतात, भिंतीत गाडलेल्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला गंजून पडलेल्या भोकाचे असू शकतात, किंवा वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातील सिंकचेही असू शकतात. चारही ठिकाणी डाग जवळपास सारखाच दिसतो. दुरुस्ती मात्र चार प्रकारची असते, आणि ती करण्याची जबाबदारी वेगवेगळ्या लोकांवर पडते.

म्हणून तपासणारा प्रथम ओलावामापकाने भिंतीवर ठरावीक अंतराने नोंदी घेतो आणि ओल कोणत्या दिशेने वाढत जाते ते पाहतो. तापमान दाखवणारा कॅमेरा असेल, तर बाष्पीभवनामुळे थंड झालेला ओला पट्टा रंग लावलेल्या भिंतीतही दिसून येतो. मात्र तो कॅमेरा पाणी दाखवत नाही, केवळ तापमानातला फरक दाखवतो, त्यामुळे त्याच्या चित्रावर ओलावामापकाशिवाय विश्वास ठेवू नये. यानंतर नळ, फ्लश टाकी, शॉवर असे एकेक साधन बंद करून किंवा वापरून पाहिले जाते. संशय न्हाणीघराच्या फरशीवर असेल, तर ट्रॅप बंद करून फरशीवर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून ठेवतात आणि खालच्या घराच्या छतावर नजर ठेवतात. पाण्यात रंग घातला तर वाद लवकर मिटतो. सतत ओल राहते की फक्त पावसात, एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरानेही निम्मा तपास होतो. बारा महिने ओल असेल तर पाइप किंवा न्हाणीघर, फक्त जून ते सप्टेंबरमध्ये असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची, असे ढोबळपणे धरता येते. भिंतीवर पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसत असेल तर पाणी बराच काळ आतून बाहेर येत आहे हे नक्की.

छताचा गिलावा एका ठिकाणी पडला आणि सळई दिसू लागली आहे. नुसता सिमेंटचा लेप दिला तर चालेल का?

चालणार नाही, आणि घर विकायचे असेल तेव्हा तर मुळीच चालणार नाही. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) 12 ते 13 इतका, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यामुळे आतील सळईवर संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की हा सामू 9 च्या खाली उतरतो, संरक्षक थर नाहीसा होतो आणि ओल मिळताच सळई गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते, त्यामुळे तो खालचे काँक्रीट आतून ढकलून पाडतो. समुद्राजवळच्या इमारतींत खाऱ्या हवेतील क्लोराइड हेच काम आणखी वेगाने करते. आपण ज्याला गिलावा पडला म्हणतो, ते बहुधा या साखळीचे शेवटचे दृश्य टोक असते.

अभियंता अशा ठिकाणी नव्याने फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडतो. निरोगी भाग गुलाबी होतो, बिघडलेला भाग रंगहीन राहतो, आणि बिघाड सळईपर्यंत पोहोचला आहे का हे तिथेच कळते. गरज वाटल्यास रिबाउंड हॅमर किंवा अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी चाचणी करून काँक्रीटची एकसंधता पाहतात. दुरुस्तीत सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढणे, गंज घासून काढणे, गंजरोधक लेप देणे आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरणे हा क्रम असतो. सळईची जाडी फारच कमी झाली असेल तर जादा सळई जोडावी लागते. हे काम केल्याची छायाचित्रे आणि बिल जपून ठेवावे. खरेदीदाराला नव्या रंगापेक्षा ती छायाचित्रे अधिक धीर देतात.

ओलीच्या भिंतीवर पीओपी आणि नवा रंग मारून घर दाखवले तर काय बिघडते? सगळेच तसे करतात.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, वेगळा करार नसेल तर, मालमत्तेतील किंवा मालकीहक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येण्यासारखा नाही, तो सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर आहे. तो न सांगणे कपटपूर्ण मानले जाईल, असेही त्याच कलमात म्हटले आहे. आता विचार करावा : उघड्या भिंतीवरची ओल खरेदीदाराला साधारण काळजीने दिसली असती. तिच्यावर पीओपीचा थर चढवला की तीच ओल साधारण काळजीने न दिसणारी होते, म्हणजे जो दोष सांगण्याचे बंधन कदाचित नव्हते तो आपण स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या खर्चाने बंधनाच्या कक्षेत आणून ठेवतो. रंग द्यायला हरकत नाही. आधी पाणी थांबवावे, भिंत वाळू द्यावी आणि मगच रंग द्यावा.

तपासणी कोणत्या महिन्यात करावी?

जुलै-ऑगस्टमध्ये, किंवा उशिरात उशिरा पाऊस ओसरल्यावर लगेच. एप्रिलमधला स्वच्छ अहवाल गच्ची आणि बाहेरच्या भिंतींविषयी काहीच सिद्ध करत नाही. आपल्याकडे बरेच लोक दिवाळीच्या सुमारास रंगकाम काढतात आणि जानेवारीत जाहिरात देतात. हे वेळापत्रक अनुभवी खरेदीदारांनाही चांगले माहीत असते. पावसाळा हुकला असेल, तर मागच्या पावसातली छायाचित्रे आणि सोसायटीला पाठवलेली तक्रारपत्रे तपासणाऱ्यापुढे ठेवावीत.

गळतीचा खर्च माझा, वरच्या घराचा की सोसायटीचा?

आदर्श उपविधींमधील, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठी सरकारने दिलेल्या नमुना नियमांमधील, विभागणी साधारण अशी आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळांतून होणारी गळती, आणि गच्ची गळल्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावरील छताचे व त्याच्या गिलाव्याचे झालेले नुकसान, या दुरुस्त्या सोसायटीने करायच्या असतात. फ्लॅटच्या आतील शौचालय, न्हाणीघर, सिंक यांपासून होणारी गळती ज्याच्या फ्लॅटमधून होते त्या सभासदाने दुरुस्त करायची असते. म्हणूनच उगमस्थान लेखी स्वरूपात नोंदवणारा अहवाल उपयोगाचा ठरतो, कारण समितीच्या बैठकीत ‘तुमच्याकडूनच गळते’ या वाक्याला नाहीतर दुसरे उत्तर नसते.

वरच्या घरातले लोक तपासणीसाठी दार उघडत नसतील, तर तोंडी भांडणात वेळ घालवू नये. समितीकडे अहवालासह लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. गळती विक्रीपूर्वी थांबली नाही, तरी ती अर्जाची प्रत खरेदीदाराला दाखवता येते.

आणि हे उलटही लागू होते. आपल्या न्हाणीघराचे पाणी खालच्या घरात जात नाही ना, हे खालच्यांना जाऊन विचारावे. खरेदीदार तसे विचारतोच, आणि शेजारी खरे सांगतात.

विजेच्या बाबतीत काय पाहिले जाते?

ऐंशीच्या दशकातील अनेक फ्लॅटमध्ये दोन पंखे, चार दिवे आणि एक फ्रिज एवढ्याच हिशेबाने तारा टाकल्या होत्या आणि त्याच तारांवर पुढे गीझर, मायक्रोवेव्ह आणि दोन एसी चढले. त्यामुळे विद्युत कंत्राटदार सर्वप्रथम तार ॲल्युमिनियमची आहे की तांब्याची, एसी व गीझरला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र सर्किट आणि पुरेशा जाडीची तार आहे का, हे पाहतो. मेगर यंत्राने तारांच्या आवरणाचा रोध मोजतो. अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते आहे की तिसरे भोक फक्त शोभेचे आहे, हेही तपासतो. 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर तो विक्रीपूर्वी बसवून घ्यावा. खर्च थोडा आहे आणि त्या घरात आणखी काही महिने आपणच राहणार आहोत.

नळ, खिडक्या, वाळवी?

पाण्याचा दाब, जुने जीआय पाइप, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचे रूळ, स्वयंपाकघराच्या ओट्याचे सांधे आणि सिंकखालची फर्निचरची पाटी, हे सगळे तासाभरात पाहून होते. वाळवीसाठी दारांच्या चौकटींचा खालचा वीतभर भाग आणि भिंतीला चिकटून असलेल्या कपाटांची मागची बाजू टोचून व वाजवून पाहतात. आवाज पोकळ आला की कपाट हलवावेच लागते.

सोसायटीचे स्ट्रक्चरल ऑडिट झालेले आहे. ते पुरेसे नाही का?

ती दोन निराळी कामे आहेत आणि जुन्या फ्लॅटच्या विक्रीत दोन्हींची गरज पडते. फ्लॅट आतून कितीही नीटनेटका असला तरी खरेदीदार मुळात इमारतीतला एक वाटा विकत घेत असतो. आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. मुंबईत, मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 353-ब नुसार, तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. तेथील वर्गवारीत सी-1 म्हणजे रिकामी करून पाडण्यायोग्य धोकादायक इमारत, सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणे आवश्यक असलेली, सी-2बी म्हणजे रहिवाशांना न हलवता संरचनात्मक दुरुस्ती करता येण्याजोगी, आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती लागणारी.

फ्लॅटची जाहिरात देण्यापूर्वी शेवटच्या ऑडिटची प्रत सोसायटीकडून लेखी अर्जाने मागून घ्यावी, त्यात सुचवलेल्यांपैकी किती कामे प्रत्यक्षात झाली हे विचारावे आणि दुरुस्ती निधी व सिंकिंग फंडात (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीत) काय शिल्लक आहे तेही पाहावे. मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येक सभासदाकडून वर्गणी घेण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत झालेला असेल, तर ती रक्कम कोण भरणार हे साठेखतातच लिहिलेले असावे. या एका मुद्द्यावरून झालेले वाद आम्ही ओलीवरून झालेल्या वादांपेक्षा जास्त पाहिले आहेत.

इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. तरीही आतली तपासणी करावी का?

विकासकाशी करार झाला असेल आणि घरे रिकामी करण्याची तारीख जवळ असेल, तर नाही. नुसती चर्चा चालू असेल, तर करावी. महाराष्ट्रातील पुनर्विकासाच्या चर्चा पंधरा-पंधरा वर्षे चालतात.

आम्ही बाल्कनी खोलीत घेतली आहे आणि एक भिंत काढली आहे. तपासणीत ते निघेल का?

निघेल, आणि निघायलाच हवे. तपासणाऱ्याला मंजूर नकाशाची प्रत आधीच द्यावी. काढलेली भिंत साधी विटांची होती की तिच्यात कॉलम वा बीमचा भाग होता, न्हाणीघर मूळ जागेवरून सरकवले आहे का, फुलझाडांसाठीची जागा खोलीत मिळवली आहे का, या गोष्टी बँकेचा मूल्यांकनकारही नोंदवतो. त्याच भेटीत लेझर मापकाने चटई क्षेत्र मोजून घ्यावे. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्यातील व्याख्येनुसार चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. जुन्या करारातला बिल्टअप किंवा सुपर बिल्टअपचा आकडा जाहिरातीत तसाच छापला की पहिल्याच भेटीत गैरसमज होतो.

कागदपत्रांची तपासणी याच वेळी करावी का?

होय, मात्र ती वकिलाकडून. मूळ करारांची साखळी, प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू), भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे अभिहस्तांतरण (जमीन व इमारत सोसायटीच्या नावे होणे) किंवा मानीव अभिहस्तांतरण झाले आहे का, फेडलेल्या कर्जाचा बोजा नोंदींतून उतरला आहे का, आणि सहमालक दिवंगत असल्यास वारसांचे दस्त, इतके पाहिले की बहुतेक अडथळे आधीच समजतात. भागपत्र हरवलेले असणे ही फार नेहमीची गोष्ट आहे आणि त्याची दुय्यम प्रत मिळायला काही आठवडे सहज जातात. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही, पण बँका ते मागतात, त्यामुळे अर्ज लवकर करावा. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य 25,000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘ऐच्छिक देणगी’च्या नावाखाली अधिक मागणी झाल्यास ती लेखी मागावी.

अहवालातले सगळे दोष दुरुस्त करावेत का?

नाही. आमच्या मते पाणी, वीज आणि उघडी सळई या तीन गोष्टी दुरुस्त कराव्यात, कारण त्या वाढत जातात आणि खरेदीदाराच्या मनात भीती निर्माण करतात. जुन्या टाइल्स, स्वयंपाकघराचा जुना ओटा, फिकट झालेले फर्निचर यांवर पैसे घालू नयेत. नवा मालक पहिल्याच महिन्यात ते सगळे फोडून आपल्या आवडीचे करतो, आणि आपण निवडलेल्या फरशीचे पैसे तो किमतीत धरत नाही.

अहवाल खरेदीदाराला द्यावा का?

द्यावा, पण पहिल्या भेटीला प्रत्येकाच्या हातात नको. व्यवहार गंभीर झाला, किंमत बोलली जाऊ लागली, की संपूर्ण अहवाल, झालेल्या दुरुस्त्यांची बिले आणि न केलेल्या दुरुस्त्यांची अंदाजपत्रके एकत्र द्यावीत आणि साठेखतात ‘सदर अहवाल खरेदीदारास मिळाला असून त्यातील नोंदी त्यास ज्ञात आहेत’ अशा अर्थाचे कलम वकिलाकडून घालून घ्यावे. अडचणीची पाने काढून उरलेला अहवाल देणे, हे अहवाल न देण्यापेक्षाही वाईट.

फ्लॅट घेऊन तीनच वर्षे झाली आहेत. तपासणीचा काही उपयोग?

आहे. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनात्मक किंवा बांधकामाच्या दर्जाचा दोष निदर्शनास आणून दिल्यास तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर असते. मुदत संपण्याआधी अहवालासह लेखी तक्रार करावी.

मी अमेरिकेत राहतो. घर पुण्यात बंद आहे. तिकडच्यासारखी तपासणी इथे होते का?

अमेरिकेत घर-तपासणीसांची व्यावसायिक संघटना 1976 पासून आहे, अनेक राज्यांत परवानाही लागतो, आणि विक्रीपूर्व तपासणी तिथल्या दलालांच्या परिचयाची आहे. इथे तसा ठरीव साचा मिळणार नाही. काय काय तपासायचे याची यादी आपणच लिहून द्यावी लागेल आणि व्हिडिओ कॉलवर सोबत फिरावे लागेल. बंद घराला एक खास अडचण असते : कित्येक महिने पाणी न वापरल्याने गळती वाळलेली असते. म्हणून तपासणीच्या आधी किमान आठवडाभर कोणीतरी तिथे राहून नळ, फ्लश आणि गीझर नेहमीसारखे वापरावेत. नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र देत असाल, तर परदेशात केलेला दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे विसरू नये.

कोकणातले जुने घर विकायचे असेल तर?

तिथे क्रम बदलतो. जांभ्याच्या भिंती बहुधा टिकलेल्या असतात. पाहायचे असते ते छपराचे लाकूड, कौलांखालच्या रिपा, वासे भिंतीत शिरतात तिथली वाळवी, सेप्टिक टाकी आणि विहिरीपासूनचे तिचे अंतर. त्याहीआधी जमिनीची मोजणी भूमी अभिलेख विभागाकडून करून घ्यावी आणि सात-बारावरची सगळी नावे वाचावीत. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधील नोंद करआकारणीसाठी असते, तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. अशा घरांत गळणाऱ्या कौलापेक्षा मुंबईत राहणाऱ्या चुलत्याची सही मिळवायला जास्त वेळ लागतो.

एकदा केलेली तपासणी किती काळ चालते?

कायद्याने ठरवलेली मुदत नाही. व्यवहारात एक पावसाळा मध्ये गेला की अहवाल जुना झाला असे समजावे आणि निदान ओलीपुरती पुन्हा पाहणी करून घ्यावी. त्याच अभियंत्याला बोलावल्यास तो मागच्याच जागी ओलावामापक लावून दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी देऊ शकतो. पहिल्या वेळी भिंतीवर पेन्सिलने केलेल्या खुणा त्यासाठी पुसू नयेत.